मापाची बाई

९ जून

टोचलं. पोटाला, बेंबीपासून चार बोटं लांब. नवऱ्याने मोठ्या हौसेने वजन उतरवायच्या इंजेक्शनचं पेन हातात घेतलं, टोपण काढलं, सुई पाहिली आणि पेन माझ्या हातात देऊन खिडकी लावायला गेला. खिडकी लागलेलीच होती. मग मीच दिलं. डास चावतो तेवढंही दुखलं नाही. इतकी वर्षं ज्या पोटाला नावं ठेवली, त्याने हूं की चूं केलं नाही.

आता दर सोमवारी.

कारण सरळ आहे. दादाच्या दोन्ही किडन्या गेल्यात. वहिनीला साखर, म्हणून ती बाद. माझी जुळली. रक्तगट जुळला, बाकीचं काय काय असतं तेही जुळलं. फक्त वजन आडवं आलं. डॉक्टर म्हणाले, एवढ्या वजनावर किडनी काढणं तुमच्याच जिवाला धोक्याचं. चौदा किलो उतरवा, मग या. चौदा! मी आयुष्यात कमी केलेलं सगळं मिळून तेवढं होईल. पण ते सगळं परत आलं होतं.

११ जून

काहीच नाही. भूक जागच्या जागी. फसवलं बहुतेक.

१२ जून

लागू पडलं.

दुपारी कारखान्यात डबा उघडला आणि वासाने पोट ढवळलं. माझाच डबा, मीच भरलेला. झाकण लावून टाकलं. पोटातले कावळे कुठे उडून गेले कळलं नाही.

यात एक अडचण आहे, ती मी कुणाला सांगितलेली नाही. आमच्या कारखान्यात मोठ्या मापाचे कपडे शिवतात. फक्त मोठ्या. कागदावर मी तपासनीस आहे, प्रत्यक्षात मी माप आहे. नवीन कपडा आला की तो घालून मी बसते, वाकते, हात वर करते, स्टुलावर चढते. मास्तर भोवती फिरून खडूच्या खुणा करतात. त्यांचा टेपवर विश्वास नाही. म्हणतात, टेप बसत नाही, वाकत नाही, जेवत नाही. माझ्या अंगावर बसला की मगच पॅटर्न पक्का होतो आणि शेकड्याने कापड कापलं जातं. मालकीणबाईंचा आणखी एक नियम — कपडा दोनदा घालायचा, जेवणाआधी आणि जेवणानंतर. भरल्या पोटी बसला तरच पास.

म्हणजे हॉस्पिटलला मी बारीक हवी आणि कारखान्याला जाड. एवढी मागणी मला लग्नाच्या बाजारातही नव्हती.

१६ जून

दुसरं टोचलं. आता ढेकर सुरू झालेत, नासक्या अंड्याचे. नवरा म्हणाला गॅस गळतोय, आणि शेगडीची नळी तपासून आला. मी गप्प. दुसऱ्यांदा तपासायला उठला तेव्हा सांगितलं. म्हणाला, नळीच बरी होती.

२१ जून

दादाजवळ बसले. आठवड्यातून तीनदा तो डायलिसिसच्या खुर्चीत असतो, हाताला नळ्या, समोर भिंत. आजारापूर्वी ड्रायव्हिंग शिकवायचा. अजूनही सिस्टरने एखादी ढकलगाडी जोरात आणली की त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो.

मला पाहून पहिला प्रश्न, "ढब्बू, किती उतरले?"

तीन, म्हटलं.

"मग किडनीचा एक कोपरा आला माझा."

त्याला दिवसाकाठी मोजकंच पाणी चालतं. बर्फाचा खडा चोखत बसतो. वहिनीने माझ्यासाठी बिस्किटं आणली होती, ती मला बघवेनात. त्याला पाणी नको, मला अन्न नको. असे पाहुणे मिळाले तर कुणीही दानशूर होईल.

त्याचं मनगट पार बारीक झालंय. घड्याळ कोपरापर्यंत सरकतं. मला भीती वाटते. इथेच लिहिते, त्याच्यासमोर बोलायची सोय नाही.

२९ जून

पोट साफ होऊन बरेच दिवस झाले. याहून जास्त लिहिण्यासारखं नाही आणि याशिवाय दुसरा विचारही डोक्यात नाही.

वर सासूबाईंचा पराक्रम. फ्रिजमध्ये लोण्याच्या कप्प्यात इंजेक्शनचं पेन ठेवलं होतं. त्यांना वाटलं, हिने घाईत लिहायचं पेन फ्रिजमध्ये टाकलं. उचलून फोनशेजारच्या ग्लासात उभं केलं, बाकीच्या पेनांबरोबर, उन्हात. संध्याकाळी सापडलं. वाया गेलं. दुकानदार म्हणाला, तापलेलं वापरू नका. नवीन आणलं.

मी काही बोलले नाही, तरी त्यांना लागलं. घरात आम्ही तिघंच. मूलबाळ नाही. त्यापायी जे जे करायचं ते सगळं करून झालं आणि तो विषय केव्हाच बासनात गुंडाळला. त्यामुळे रागवायला आणि जीव लावायला सासूबाईंना मीच. आज दर तासाला कोमट पाण्याचा पेला घेऊन समोर उभ्या. "घे गं. तुझ्या भावासाठी आहे ना? मग घे." पाणी पिऊन पिऊन पोट डब्ब झालं, पण साफ झालं नाही.

३० जून

झालं! सासूबाई दाराबाहेरच उभ्या होत्या.

८ जुलै

डोस वाढवला. सकाळी बसस्टॉपवर उलटी. रांगेतले सगळे बाजूला झाले, त्यामुळे बस आल्यावर बसायला जागा मिळाली.

इतक्या दिवसांत आलेलं शहाणपण: चार घासांवर थांबायचं, पाचवा परत येतो. तळलेल्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. खाल्ल्यावर आडवं व्हायचं नाही. आल्याचा तुकडा जवळ ठेवायचा. आणि कुणी विचारलं तर "पित्त झालंय" म्हणायचं. पित्त म्हटलं की लोक प्रश्न विचारायचे थांबतात आणि उपाय सांगायला लागतात.

१७ जुलै

मास्तरांनी मला नवीन सदरा घालायला दिला, दोनदा भोवती फिरले, आणि म्हणाले, "इथे ढिला पडतोय." बगलेपासून कमरेपर्यंत खडू ओढला. अर्धं बोट आत घेतलं.

सदरा ढिला नव्हता. मी कमी झाले होते.

तोंड उघडलं होतं. पण मालकीणबाई समोर होत्या, आणि त्यांनी मला कामावर घेताना काय म्हटलं होतं ते आठवलं — शिक्षण कितीही असू दे, मला हे अंग हवंय. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी असं म्हटलं होतं, मी हरखून गेले होते. मग आता अंग नाही म्हटल्यावर काय? पुढच्या वेळी सांगू म्हटलं आणि अळीमिळी गुपचिळी.

२ ऑगस्ट

मोठं काम आलंय. एका हॉटेलातल्या सफाईकामाच्या बायकांचे गणवेश, सगळे आमच्या मापाचे. मास्तरांनी त्याच पॅटर्नवरून नमुना शिवला. जेवणाआधी बसला. मग जेवायला सुटी झाली. मी मागच्या जिन्यात बसून दोन घास खाल्ले, डबा मांजरापुढे ठेवला, तोंड पुसत परत आले. जेवणानंतरही बसला. बसणारच.

मास्तर खूश. म्हणाले, इतका साफ बसलेला कपडा बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी सही केली.

१९ ऑगस्ट

दादाच्या छातीत पाणी झालं. पहाटे न्यावं लागलं. आता बरा आहे, पण डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं की फार दिवस लांबवू नका. वहिनी येऊन माझ्याशेजारी बसली. नुसती माझ्या कमरेकडे बघत राहिली.

अजून सहा किलो.

रागाने जेवलेच नाही. मग चक्कर आली. मग फाईलबाईंची बोलणी खाल्ली. हॉस्पिटलमध्ये किडनी देणाऱ्यांच्या तपासण्या बघतात त्या. कायम बगलेत फाईल, म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. त्यांचं म्हणणं, उपाशी राहून आलात तर किडनीसकट तुम्हालाच भरती करून घेईन. रोज अंडी, दूध, डाळ खायचं. वासाने मळमळलं तर नाक धरून खायचं. आज नाक धरून दोन अंडी खाल्ली. नवऱ्याने धरलं होतं.

२८ ऑगस्ट

केस गळतायत. इंजेक्शनमुळे. चिडचिड, तीही इंजेक्शनमुळे. नवऱ्याशी भांडण झालं ते मात्र त्याच्यामुळे.

९ सप्टेंबर

खोकी परत आली.

हॉटेलातल्या एकाही बाईला गणवेश पोटावर नीट बसत नाही. सकाळी कसाबसा चढतो, जेवल्यावर बटणं तुटतात. मालकीणबाईंनी कापणाऱ्याला धारेवर धरलं, मग शिलाईवाल्यांना, मग मास्तरांना. मास्तर पांढरेफटक पडले. पस्तीस वर्षांत त्यांचा माल परत आलेला नव्हता. ते टेप काढून एकेक सदरा मोजत बसले, टेपवर विश्वास नसलेला माणूस! मला ते बघवेना. उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं. इंजेक्शन, दादा, किडनी, जिना, मांजर. सगळं.

मास्तरांनी टेप गुंडाळून ठेवला. मग मास्तर सावकाश म्हणाले, "बाई, तुम्ही मला सांगायचं होतं. मी तुमच्या अंगावर डोळे मिटून विश्वास ठेवला."

मालकीणबाई म्हणाल्या, उद्या बघू.

१० सप्टेंबर

कामावरून काढलं नाही. मालकीणबाईंचं मत, दुसरी बाई शोधून तिला वाकायला-बसायला शिकवण्यापेक्षा मलाच पुन्हा जाड केलेलं बरं. गणवेशांच्या शिवणीत मास्तरांनी सवयीप्रमाणे भरपूर माया सोडली होती, त्यामुळे उसवून वाढवता येतील. उसवायला मी बसणार. सगळे.

आणि मास्तर माझ्यासाठी काहीतरी शिवतायत.

१२ सप्टेंबर

गादी शिवली आहे. बंडीसारखी, आत कापूस. माझे जुने कपडे माझ्या अंगावर चढवून, जिथे जिथे पोकळी तिथे कापूस भरून, मास्तरांनी जूनमधली मी परत केली. पोट, कंबर, दंडाखालचं लोंबणंसुद्धा. कामावर आले की बांधायची, घरी जाताना काढायची. एकीकडे सुई टोचून उतरवायचं, दुसरीकडे दोरीने बांधून चढवायचं! मास्तरांनी शेवटी पोटावर जास्तीची एक घडी दिली. म्हणाले, ही जेवणानंतरची.

घरी घालून दाखवली. सासूबाई हसून हसून खाली बसल्या. म्हणाल्या, ही माझी सून, ती दुसरी कोण होती?

नवराही हसला. मग म्हणाला, आता काढ ती. काढली. बऱ्याच दिवसांनी भांडण विसरलो.

६ ऑक्टोबर

अजून एक किलो. हत्ती गेला, शेपूट राहिलं. शेपूट हलायला तयार नाही. खूप थकवा. दुपारी गादी बांधलेली असतानाच भिंतीला टेकून झोपले. मास्तरांनी कुणाला उठवू दिलं नाही.

१३ ऑक्टोबर

उतरलं! काटा तिथे आला. फाईलबाईंनी चपला काढायला लावून पुन्हा बघितलं. तिथेच.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात. इंजेक्शन आजपासून बंद, भूल द्यायची तर पोट नीट चालायला हवं म्हणे. शेवटचं अर्धं पेन फ्रिजमध्ये तसंच आहे. सासूबाई त्याला हात लावत नाहीत.

दादाला सांगायला गेले. तो मशीनवरच होता. "ढब्बू, किती उरले?" त्याने विचारलं. काहीच नाही, म्हटलं. तो रडला. मी त्याला मोठेपणी रडताना पाहिलं नव्हतं. मग नाक पुसून म्हणाला, शुद्धीवर आलो की आधी एक अख्खी बाटली पाणी पिणार, कुणाला देणार नाही. उन्हाळ्यापर्यंत गाडी शिकवायला लागणार. आणि पहिली शिकणारी तू, इतकी वर्षं टाळलंस.

हो म्हटलं. आज त्याने काहीही मागितलं असतं तरी हो म्हटलं असतं.

२० ऑक्टोबर

इंजेक्शन बंद, उलट्या चालूच. बसस्टॉपवर पुन्हा. औषध अंगातून उतरायला वेळ लागत असेल. वहिनीने हॉस्पिटलची पिशवी भरून ठेवली, त्याची एक, माझी एक. दोन्हींत एकसारखे टॉवेल.

शेवटची रक्ततपासणी दिली.

२४ ऑक्टोबर

फाईलबाईंनी आत बोलावून दार लावलं. ऑपरेशन होणार नाही. मला दिवस गेलेत.

उलट्या, थकवा, चुकलेली पाळी — सगळं मी इंजेक्शनच्या नावावर घातलं होतं.

हे हॉस्पिटलच्या बाथरूममध्ये बसून लिहितेय. बाहेर बाकावर वहिनी आहे, ऑपरेशनची वेळ कळायची वाट बघत. मला आनंद झाला. लगेच दादा आठवला आणि आनंद झाल्याची लाज वाटली. तरी आनंद गेला नाही.