पत्त्यावर लावलेली यादी

३ फेब्रुवारी, मंगळवार

कुणीतरी सारखं पत्त्यावर क्लिक करतंय. भरतीच्या अर्जांचं पान मीच बनवलं — नाव, मार्क, अनुभव, पत्ता. ज्या मथळ्यावर क्लिक कराल त्याप्रमाणे दीडशे अर्ज खालीवर होतात. कुठला मथळा कुणी वापरत नाही ते कळावं म्हणून गुपचूप मोजणीही घातली होती. आज उघडून पाहिली. मार्क — दोन वेळा. पत्ता — एकोणीस वेळा! नोकरी द्यायला पत्ता कशाला लागतो?

४ फेब्रुवारी

शेजारच्या टेबलावरची रुचा म्हणाली, "अगं, लांबून येणारे लेट होतात, म्हणून बघत असतील." असेलही. पण मी स्वतः यादी पत्त्याप्रमाणे लावून बघितली. आमच्या चाळीतले लोक पत्ता 'बीडीडी चाळ' असाच सुरू करतात, त्यामुळे नायगावचे सगळे एका जागी येतात. सहा जण. एका नजरेत दिसतात, एका झटक्यात उडवताही येतात. आणि नायगावची बीडीडी म्हटलं की लोक जात ओळखतात.

६ फेब्रुवारी

मोजणीत लॉगिनही येतं. अजित सरांचं! भरती तेच बघतात. राहतात प्रभादेवीला, आवाज कधी चढवत नाहीत. अशाच माणसांची मला जास्त भीती वाटते. मी फोनवर 'जय भीम' म्हटलं की मान वर करून बघतात. का बघतात ते आता कळलं.

तक्रारीचा मेल लिहून ठेवलाय. नोकरी गेली तर गेली. आईला काही बोलले नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

मेल पाठवायच्या आधी तोंडावरच विचारलं. सरांनी केबिनचं दार लावलं. "मी नायगावच्या सतरा नंबर चाळीत वाढलो, माया. आपल्या पोरांचे अर्ज कोणी धड वाचत नाही. म्हणून मी ते आधी वाचायला काढतो. मार्क कमी असले तरी एखाद्याला घेतो. बाहेर बोलू नकोस."

मला सारवासारव वाटली. पकडलं गेल्यावर कुणालाही चाळ आठवेल. उद्या जुन्या भरत्यांच्या याद्या काढते. घेतात की उडवतात, कळेलच.

१० फेब्रुवारी

सर खरं बोलत होते. २०२२ ची यादी, माझ्या पानाआधीची एक्सेलची फाइल, पत्त्यावर लावूनच सेव्ह केलेली. बीडीडीचे पाच जण. बरोबरची खूण एकाच नावापुढे — माझ्या.

मग मार्कांवर लावली. मी एकतिसावी. घेतले होते चौघेच.