कार्यालयाचा रॅम्प आणि माझी सही

बाबा,

तुम्ही गेल्याला अठरा वर्षं झाली आणि मी तुम्हाला आज पहिल्यांदा लिहिते आहे. तुम्ही होतात तेव्हा लिहायची वेळच आली नाही. एकाच घरात राहत होतो. काही बोलायचं असलं तर तुम्ही ड्युटीवरून येऊन, हातपाय धुऊन चहा घेईपर्यंत थांबायचं, एवढंच. आज लिहायला बसले ती भांडायला. निम्मं भांडण तुमच्याशी आहे, निम्मं माझ्याशी, आणि कोणाचा वाटा मोठा ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी आठवीत होते. आपल्या गावात शाळा सातवीपर्यंतच, म्हणून एसटीने तालुक्याला जायचं. डाव्या पायाला पोलिओनंतर आलेला लोखंडी कॅलिपर, पाठीवर दप्तर, हातात काठी. ज्या आठवड्यात आपल्या लाइनीवर तुमची कंडक्टरची ड्युटी लागे, त्या आठवड्यात सकाळी दप्तर भरायला मी मुद्दाम वेळ लावायचे. गाडी थांबते. तुम्ही दारात उभे, खाकी कपडे, खांद्याला तिकिटांची पेटी. पायरी माझ्या गुडघ्याच्याही वर. आधी काठी आत सरकवायची, मग दांडा धरायचा, मग चांगला पाय, मग लोखंडासकट दुसरा ओढून घ्यायचा. एखादी बाई आतून हात पुढे करते आणि तुम्ही म्हणता, “हात नोका देऊ. चढते आपली आपण.” मग माझ्याकडे वळून, “चढ. गाडी कुठी पयून नाही राह्यली.” अख्खी गाडी बघत असते. ड्रायव्हरकाका आरशातून बघतात. मी आत येऊन बुड टेकवेपर्यंत तुम्ही घंटीच्या दोरीला हात लावत नाही, कोणी कितीही कुरकुर केली तरी. तुम्ही मला हात दिला नाहीत पण वेळ दिलात, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा नुसता राग यायचा, आणि तो गिळून मी हसत आत यायचे, कारण हसत आलं की तुम्ही खूश व्हायचात.

खिडकीवर ‘अपंगांसाठी राखीव’ असं रंगवलेल्या सीटवर तुम्ही मला एकदाही बसू दिलं नाही. पोहरादेवीच्या यात्रेच्या दिवसांत गाडी खचाखच भरलेली, मी उभी राहून राहून घामाघूम झाले, आणि ती सीट रिकामी झाल्याबरोबर बसले. तुम्ही गर्दीतून तिकिटं फाडत माझ्यापर्यंत आलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, “ऊठ. ज्याले गरज हाय त्याच्यासाठी हाय ते.” मी उठले. मग त्या सीटवर कोण बसलं ते मी पाहिलंसुद्धा नाही, खिडकीबाहेर बघत राहिले. घरी आल्यावर आई भाकरी थापता थापता बोलली, तव्यावरून नजर न उचलता: “पोरीच्या पायावर तुमची इज्जत टांगून ठेवली हाय काय?” त्या रात्री माझ्या ताटात तूप जरा जास्त पडलं, ते तुम्ही वाढलं होतं.

आणि सर्टिफिकेटचा दिवस. तो आठवला की मला अजून हसू येतं आणि हसता हसता डोक्यात तिडीक जाते. बारावी झाली होती. अपंगत्वाचा दाखला असेल तर नोकरीच्या राखीव जागेवर अर्ज करता येतो, असं शाळेच्या मास्तरांनी सांगितलं. तुम्ही रजा काढून, इस्त्रीचा सदरा घालून मला वाशीमला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलात. लाइनीत आपला नंबर आला. डॉक्टरांनी मला विचारलं, चालायला त्रास होतो का. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, “नाही साहेब, चांगली चालते. गाडीत बी आपली आपण चढते.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “काका, तुम्ही दाखला घ्यायला आलात की लग्नाची बोलणी करायला?” लाइनीतली माणसं हसली. मी खाली बघत होते, आणि डॉक्टरांनी परत मलाच विचारलं तेव्हा मीसुद्धा म्हणाले, “नाही, त्रास नाही.” आपण तसेच रिकाम्या हाताने परत आलो. पुढच्या महिन्यात आई घेऊन गेली. आत जायच्या आधी तिने दंड धरून बजावलं, “जे हाय ते सांगजो.” मी पुटपुटत सांगितलं, दाखला मिळाला, त्यावर ही नोकरी मिळाली. घरात त्या दाखल्याचं नाव तुम्ही कधी काढलं नाहीत. पण प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरातल्या तुमच्या कपड्यांच्या पेटीत तळाशी ठेवलात, तेही मला माहीत आहे.

आता यंदाचं सांगते. आमच्या कार्यालयाला रॅम्प झाला. दाराशी तीन उंच पायऱ्या होत्या, मी वीस वर्षं त्याच चढत आले. नियम असा आहे, बाबा, की एक फूट उंची चढायची तर उतार बारा फूट लांब हवा. आमचं दार जमिनीपासून दोन फूट वर, म्हणजे चोवीस फूट लागणार. पण एवढा लांब केला तर साहेबांच्या गाडीची जागा जाते, म्हणून दहा फुटांत उरकला. कठडाही नाही. हा नियम दुसऱ्या कोणाकडे नव्हता, माझ्याच फायलीत होता. काम पुरं झाल्याच्या अहवालात एक रकाना होता, दिव्यांग व्यक्तीने प्रत्यक्ष वापरून पाहावे. कार्यालयात तशी मी एकटीच. सगळे बाहेर येऊन उभे राहिले. इंजिनिअर म्हणाला, “मॅडम, सावकाश. हात देऊ का?” मी म्हणाले, नको. आणि चढले. अर्ध्यावर काठी सरकली, कंबरेपासून मांडीपर्यंत कळ गेली, पण वर पोचले ती हसत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोबाइलवर फोटो निघाले. रकान्यात मी लिहिलं, ‘वापरण्यास योग्य’, आणि खाली सही केली. चहा मागवला होता तोही प्यायले.

चार महिन्यांनी कार्यालयात एक मुलगी लागली, कॉम्प्युटरवर. बावीस-तेवीस वर्षांची, दोन्ही पाय लहानपणापासून नाहीत म्हटलं तरी चालेल, व्हीलचेअरवर असते. एसटीत चढणं तिला शक्य नाही. गावातला एक ऑटोवाला तिला उचलून आत बसवतो आणि खुर्ची दुमडून मागे दोरीने बांधून आणतो. कामाला वाघीण आहे. पण रॅम्पच्या अर्ध्यावर खुर्ची मागे यायला लागते, मग दोन शिपाई धावतात, एक पुढून ओढतो, एक मागून रेटतो, आणि ती ओढणी तोंडावर घेऊन बसते. रोज दोनदा. मी खिडकीतून बघायचे आणि फायलीत डोकं घालायचे. असं महिनाभर चाललं.

मग एका दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. तळहातांना फोड आलेले, काही फुटलेले. म्हणाली, “मॅडम, एक इचारू? तुमी चढल्या होत्या ना तो रॅम्प? सगळे सांगतात. मंग मलेच काहून जमत नाही?” मी समोरची फाइल मिटली. ती पुढे म्हणाली, “मी घरी रोज चढावर प्रॅक्टिस करतो. भाऊ मागं उभा राह्यते. पण माह्याच हातात जोर नाही. उद्या राजीनामा देतो म्हणतो. लोकाइले रोज कायले तरास द्यायचा?” बाबा, ती स्वतःला दोष देत होती. माझ्या सहीमुळे. एवढी शिकलेली पोरगी, हातातली नोकरी सोडायला निघाली होती, कारण मी एकदा हसत वर पोचले होते. मला तिच्यासमोर बसवेना. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला तुमचा इतका राग आला, जेवढा यात्रेच्या गाडीतही आला नव्हता. चढायला तुम्ही शिकवलंत. दुखतं म्हणायला का नाही शिकवलंत?

तिला म्हणाले, राजीनामा आठ दिवस थांबव. त्याच संध्याकाळी साहेबांकडे गेले आणि रॅम्प पुन्हा तपासा म्हणून लेखी दिलं. दोन दिवसांनी सगळे परत बाहेर जमले. इंजिनिअर वैतागलेला. “मॅडम, तुम्हीच तर चढून दाखवलं होतं. तुमचीच सही आहे.” मुलगी खुर्चीत बाजूला होती. मी म्हणाले, “चढले होते. पण मला त्रास झाला होता. काठी सरकली, जीव घाबरा झाला होता. मी सांगितलं नाही. माझा अहवाल खोटा आहे.” पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात चार माणसांत मी हे पहिल्यांदा म्हणत होते. साहेब रॅम्पच्या टोकापर्यंत चालत जाऊन आले. मग त्यांनी ड्रायव्हरला गाडी कायमची मागच्या अंगाला लावायला सांगितली आणि इंजिनिअरला टेप आणायला. मुलगी माझ्याकडे बघत होती. ती रागावली होती की सुटल्यासारखी झाली होती, मला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही. तिच्या भावाने म्हणे त्या रात्री फोन केला होता ऑटोवाल्याला, सोमवारी नेहमीच्या वेळेला ये म्हणून.

जुना रॅम्प काल फोडला. सगळं कार्यालय धुळीने भरलं आणि मी टेबल पुसत तुमचा विचार करत होते. तुम्ही चुकलात असं आता मला म्हणता येतं. तुमच्यामुळे मी वीस वर्षं त्या पायऱ्या चढले हेही खरंच, ते कोणाला नाकारता येणार नाही. हे पत्र मी आईलाही वाचून दाखवणार नाही. ती म्हणेल, मेलेल्या माणसाशी काय भांडतेस. कपाटात ठेवून देईन. फक्त एक गोष्ट राहिली आहे आणि ती लिहिल्याशिवाय भांडण पुरं होत नाही. परवा त्या लोकांत तुम्ही उभे असतात, बाबा, तर मी ते बोलले नसते. मी तो रॅम्प पुन्हा चढून दाखवला असता.