आत्याने रद्द केलेली तारीख

३ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या किडनीतली गाठ काढायची तारीख ठरल्याचं बाबांकडून कळलं. गाडी वेडीवाकडी लावली म्हणून तू डॉक्टरांनाच सुनावलंस, हेही कळलं. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाई पेशंट म्हणून आल्यावर डॉक्टरांच्या नाकी नऊ येणार.

इकडे प्रयोगशाळेत मी तुझ्यासारख्याच गाठीच्या पेशी काचेच्या बशीत वाढवते. शरीराला इजा झाली की पेशी मदतीला हाका मारतात, सूज येते. काम झालं की हाका थांबतात. या पेशींत त्या थांबतच नाहीत, आणि त्यावरच गाठ पोसते. हाका चालू ठेवणारं एक जनुक मी बंद केलं, तर वाढच थांबली. एरवी पाणीही न विचारणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी सगळ्यांना कॉफी पाजली.

लोभ असू दे, रागावण्यापुरता तरी.
तुझी ठमी

११ मे

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून हरखले आणि तारीख रद्द करून टाकली. घरचीच पोर औषध शोधतेय, तर पोट कशाला फाडून घ्यायचं? तयार झालं की पाठव. डॉक्टरांचे फोन येतात, मी उचलत नाही. नवीन बॅच जोरात आहे. काल एका काकांनी रिव्हर्स घेताना फळवाल्याची अख्खी पाटी आडवी केली.

लोभ तुझ्यावर नाही तर कुणावर करणार?
आत्या

१६ मे

ती. आत्यास,
सा. न.

पत्र वाचून पायाखालची जमीन सरकली. मी बढाया मारल्या त्या बशीतल्या पेशींच्या. औषध व्हायला वर्षं जातील, कदाचित होणारही नाही. आणि काल पाहिलं तर त्या पेशी दुसऱ्याच जनुकाच्या आधाराने पुन्हा वाढायला लागल्यात. तुझी गाठ अजून किडनीबाहेर गेलेली नाही, तोवरच काढायला हवी. मला फार भीती वाटतेय. हात जोडते, फोन उचल.

लोभ नंतर कर, आधी फोन.
ठमी

२२ मे

चि. ठमीस,
अ. उ. आ.

उचलला. गुरुवारची तारीख मिळाली. डॉक्टरांनी मला चांगलं फैलावर घेतलं आणि मी गप्प ऐकून घेतलं, हे तुझ्या बाबांना सांगू नकोस.

तुझ्या औषधावर भरवसा वगैरे काही नव्हता गं. तुला साधं दूध उतू न घालवता तापवता येत नाही. मी घाबरले होते, कुणीतरी थांब म्हणावं असं वाटत होतं. तू तसं लिहिलं नव्हतंस, मीच वाचून घेतलं.

गुरुवारी ये. तुझ्या पेशींना दुसरं कुणीही खाऊ घालील, माझ्याजवळ तू हवीस.

लोभ आहेच, या वेळी जरा जास्त लागेल.
आत्या