पुलाखालची जागा

तीर्थरूप बाबा,
तुमच्या आणि आईच्या पाया पडते.

मी खुशाल आहे. मंत्री झाल्यापासून जेवण तेवढं उभ्याउभ्या होतं. आईचा गुडघा काय म्हणतो? तुम्ही अजून सेंट्रिंगच्या कामावर जाता, असं दादा म्हणाला. आता पुरे करा हो.

मी इथं इंजिनिअर असताना नदीवरच्या पुलाच्या खांबाला तडे आहेत, असं लिहून दिलं होतं, आठवतं? त्यापायी नोकरी गेली, पण पुढे पूल बंद करावाच लागला. आणि त्यामुळेच, मी भारतातून आलेली असूनही, इथल्या लोकांनी मला निवडून दिलं.

तोच पूल पुन्हा सुरू करायच्या कागदावर मी परवा सही केली. तडे वरून लिंपलेत. आत काय आहे ते मी विचारलं नाही. निवडणूक तोंडावर आलीय. पक्षाचे अध्यक्ष हसून म्हणाले, "बाई, तुम्ही आता इंजिनिअर नाही."

स्लॅबचे टेकू काढताना तुम्ही सगळ्यांना लांब पिटाळायचात आणि स्वतः खाली उभे राहायचात. आई किती चिडायची!

सोमवारी उद्घाटन आहे. पहिले भरलेले ट्रक जातील तेव्हा सगळे वर टाळ्या वाजवत असतील. मी खाली, त्या खांबाशी असेन.

फोटोत दिसले नाही तर आईला सांगा, गर्दी फार होती.

तुमची,
धाकटी