ओटा सोडून घरभर उजेड

९ ऑगस्ट २०२५, शनिवार. राखी.
देवासहून परत आलो. डोकं तापलंय.

मधूच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या, नव्या फ्लॅटमध्ये जेवण होतं. छतात लपवलेले दिवे. दिवा दिसत नाही, नुसता उजेड दिसतो. भामटेगिरी. आमच्या बहिणीने, गुड्डीने, दोघांना राखी बांधली. तोंडातला पेढा संपायच्या आत मधू म्हणाला की दादा, या साली महालक्ष्म्या इकडेच बसवू, तुमच्याकडे फार अंधार असतो, मागच्या फोटोत ज्येष्ठा कोणती नि कनिष्ठा कोणती तेच समजेना. सगळे हसले. चारुलताही हसली. सख्खी बायको! तिचं नंतर पाहू.

आईचे पितळी मुखवटे थोरल्या घरी असतात. म्हणजे धारला, माझ्याकडे. थोरल्या सुनेने स्वतः ओटी भरून हातात दिले तरच ते घराबाहेर जातात, अशी आमच्याकडची रीत. थोरली सून म्हणजे चारुलता. म्हणजे मीच. तेव्हा मुखवटे सुरक्षित आहेत.

पण अपमान झाला तो झाला. सूड घेणार.

१० ऑगस्ट, सकाळ.
संकल्प: महालक्ष्म्यांच्या आत घर असं उजळायचं की मधूला डोळे मिटावे लागतील. शिवाय वीजही वाचवायची. म्हणजे त्याला दोन्हीकडून मार.

प्रकाश आमच्या रक्तातच आहे. पणजोबा दरबारच्या दिवाबत्तीवर होते. मधू म्हणतो ते नुसती मशाल धरायचे. धरत असतील. पण कोणापुढे?

चारुलता म्हणाली, एवढं करताय तर आधी स्वयंपाकघर बघा. तिथला पिवळा गोळा मागच्या भिंतीवर आहे, ओट्याशी उभं राहिलं की स्वतःचीच सावली कढईत पडते, लग्न होऊन आले तेव्हापासून सांगतेय. मी म्हटलं, घेतलं लक्षात. वास्तविक मधू स्वयंपाकघरात कधी येतो? शत्रू ज्या दाराने येणार त्या दाराशी तोफ लावायची.

१२ ऑगस्ट.
फत्तेसिंगच्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. त्याने विचारलं, मास्साब, सफेद दूँ के पीला? मी त्याला सांगितलं की मी जन्मभर कॉमर्स शिकवलं आहे, आपण आकड्यांवर बोलू. कमीत कमी वॉटमध्ये जास्तीत जास्त लुमेन, म्हणजे उजेड. बस. पिवळ्यात तेवढ्याच विजेत उजेड थोडा कमी पडतो. पिवळा बाद.

एक महाग खोकंही होतं. त्यावर लिहिलेलं, ‘रंग खरे दिसतात’. हसू आलं. रंग काय खोटे दिसतात? लोकांना कसं बनवतात पाहा.

सर्वांत मोठा आकडा असलेलं खोकं घेतलं. कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही, पण मोठ्या कंपन्या जाहिरातीचे पैसे लावतात. फत्तेसिंग म्हणाला, ऐसी रोशनी तो अपने पूरे मोहल्ले में नी मिलेगी. जाणकार माणूस.

१५ ऑगस्ट.
झेंडावंदन करून आलो आणि बल्ब लावले. हॉल, ओसरी, जिना, बाथरूम, देवघर. हॉलच्या कोणत्याही कोपऱ्यात बसून पेपरातल्या निविदा वाचता येतात. वाचल्या.

समोरच्या जानकीबाई काठी टेकत आल्या. विचारू लागल्या, काय रे श्रीपाद, घरात कोणाचं ऑपरेशन आहे का? जगात सर्वांत चांगला उजेड ऑपरेशन थिएटरमध्येच असतो. म्हातारीला पारख आहे.

बचतीचे दिवे असल्यामुळे दिवसाही चालू ठेवतोय.

१९ ऑगस्ट.
फसवणूक. काल सकाळी स्वतः निवडून आणलेले टोमॅटो संध्याकाळी हॉलमध्ये पाहिले तर मातकट, शिळे. तसाच पिशवी घेऊन भाजीवाल्याकडे गेलो. चांगला झापला. तो म्हणाला, भिया, भार लाके तो देखो, म्हणजे बाहेर आणून बघा. आज उन्हात पाहिले. लालभडक. माझी पाठ वळताच बदलून दिले असणार, हातचलाखी आहे. त्याच्याकडची भाजी कायमची बंद. भोग म्हणावं आता.

चारुलताला आता भाजीसाठी बाजाराच्या त्या टोकाला जावं लागतं. मी तिला समजावलं की तत्त्वाला किंमत द्यावी लागते.

२२ ऑगस्ट.
चारुलताचं बोट कापलं. भेंडी चिरताना. म्हणाली, सुरी कुठे नि बोट कुठे, दिसलंच नाही. मी म्हटलं, हॉलमध्ये बसून चीर, एवढा उजेड केलाय कोणासाठी? म्हणाली, हेच विचारणार होते.

 उत्तर सुचलं तेव्हा ती झोपली होती.

२५ ऑगस्ट.
मधूचा फोन. म्हणे, दादा, वहिनींच्या ओट्यावर लावायला एक दिव्यांची पट्टी पाठवतो, चिकटवली की झालं, माझ्याकडे पडूनच आहे. पडूनच आहे! मी स्पष्ट नकार दिला. शत्रूची रसद घ्यायची नसते.

नंतर चारुलताने फोन घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन विनीताशी, म्हणजे मधूच्या बायकोशी, बराच वेळ बोलत बसली. पुरणाचं प्रमाण विचारत असावी. धाकट्या जावेला थोरलीकडूनच शिकावं लागतं.

२७ ऑगस्ट. चतुर्थी.
गणपती दुकानात शेंदरी होता. घरी तपकिरी निघाला. मूर्तिकाराचं नाव लिहून ठेवलंय.

३१ ऑगस्ट, रविवार.
महालक्ष्म्या आल्या. फडताळातून पेटी काढली, मुखवटे चिंचेने घासले, मखरात बसवले. हॉलच्या उजेडात पितळ अ‍ॅल्युमिनियमसारखं दिसत होतं. इतकी चकाकी पूर्वी कधी आली नव्हती. चारुलता बराच वेळ मुखवट्यांकडे पाहत राहिली. म्हणाली, आज या दमलेल्या दिसतात. मी म्हटलं, प्रवास करून आल्यात.

उद्याचा बेत: मधूची गाडी आली की घरातले सगळे दिवे बंद. तो उंबऱ्यात आला की सगळे एकदम चालू. बटणं मी स्वतः दाबणार.

१ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळ.
घाईत लिहितोय. दाबली! मधूने दोन्ही हातांनी डोळे झाकले. “अरे देवा,” म्हणाला. हे दोन शब्द मी जन्मभर जपून ठेवीन. विजय. आता हळदीकुंकवाच्या बायका येतील आणि सगळ्या गावात होईल.

१ सप्टेंबर, रात्री.
झालं ते असं.

बायका आल्या. सगळ्यांचे चेहरे आजारी दिसत होते, साथ असावी. जानकीबाई पहिल्या मानाच्या म्हणून पाटावर बसल्या. चारुलताने तबक पुढे केलं. जानकीबाईंना तपकिरीची सवय. त्यांनी करंड्यातलं कुंकू पाहिलं, खूश झाल्या, म्हणाल्या, माझी किती आठवण ठेवतेस गं, आणि मी हां हां म्हणेपर्यंत चिमूट नाकात ओढली.

त्या जे शिंकू लागल्या ते थांबेचनात. पाणी आणलं. पाठ चोळली. मग सगळ्यांनी करंड्यात डोकावून पाहिलं. कुंकू खरंच तपकिरीसारखं दिसत होतं. एक बाई म्हणाली, काळं कुंकू मी लावून घेणार नाही, बाई. दुसरीही उठली. मी सांगू लागलो की प्रति वॉट लुमेन पाहता...

कोणी ऐकलं नाही. विनीताने तबक उचललं आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. तिथून तिची हाक आली, वहिनी, इथे बघा, लाल आहे.

त्या पिवळ्या गोळ्याखाली! वीज खाणाऱ्या, कालबाह्य गोळ्याखाली लालभडक. झालं, सगळ्या बायका आत. हळदीकुंकू तिथेच. ओटा, मोरी, पिठाचा डबा यांच्यामध्ये. आणि हॉलमध्ये एवढ्या उजेडात मी, मधू आणि महालक्ष्म्या.

आतून आधी हसणं येत होतं. मग ते थांबलं. विनीता विचारत होती, वहिनी, तुम्ही इथे अंधारात पुरण वाटता? ही बोटं दाखवा बरं. चारुलता काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मधू माझ्याकडे पाहत होता.  बोलला असता तर उत्तर तयार होतं.

२ सप्टेंबर, मंगळवार.
महालक्ष्म्यांची बोळवण झाली. अक्षता टाकल्या. चारुलताने मुखवटे पुसून रेशमी फडक्यात गुंडाळले, पेटीत ठेवले. मी फडताळ उघडून उभा.

ती माझ्यासमोरून पुढे गेली. पेटीवर खण ठेवला, नारळ ठेवला आणि विनीताच्या ओटीत दिली. म्हणाली, पुढच्या साली तुमच्याकडे.

मी म्हटलं, अगं, मला विचारलं का? ती म्हणाली, रीत थोरल्या सुनेची आहे, तुम्हीच सांगत आलात. मग हळू म्हणाली, तुम्ही उजेड पाहुण्यांसाठी केलात ना? पुढच्या साली मी पाहुणी. तिचे डोळे भरले होते. माझ्या बल्बचा त्रास होत असेल, तिला पहिल्यापासून प्रखर उजेड सोसत नाही.

मधू म्हणाला, दादा, तूपण चल चार दिवस. चारुलता गेली. मी गेलो नाही. पराभूत सेनापती शत्रूच्या गाडीत बसत नाही.

३ सप्टेंबर.
मधूला माफी नाही. विनीताला नाही. फत्तेसिंगला तर नाहीच. बल्ब परत करायला गेलो. म्हणाला, मास्साब, आपने खुद छाँटे थे. मी निवडले म्हणून काय झालं? असे लोक धंदा कसे करतात?

संकल्प: चारुलता यायच्या आत ओट्यावर दिवा लावणार. तोही महागाच्या खोक्यातला. बघू मग तिला किती लाज वाटते.

५ सप्टेंबर.
चहा करायला गेलो. ओट्याशी उभा राहिलो आणि पातेलं दिसेना. माझीच सावली मध्ये. इकडे सरकलो, सावली इकडे. तिकडे सरकलो, तिकडे. साखर समजून मीठ पडलं. प्यायलो. हे मधूला कळता कामा नये.

देवासला फोन केला. दिवा आणतोय, म्हटलं, पांढरा आणू की पिवळा? विनीताने उचलला होता. म्हणाली, वहिनी पुरणपोळ्या करतायत, सांगू का थांबायला, फोनवर यायला? मी म्हटलं, नको. मागून चारुलताचं हसणं ऐकू येत होतं. दिवा आणायला जायचं राहून गेलं.

आता हॉलमध्ये बसलोय. सगळे दिवे चालू आहेत. फडताळ बंद करायचं राहिलंय. आत पेटी होती तिथे धुळीत एक चौकोन उरला आहे. हॉलच्या कोणत्याही कोपऱ्यात बसलं तरी दिसतो.