लाल फडक्यातलं पुस्तक

॥ श्री ॥
मोशी, ता. १९ जुलै २०२५

चि. दिव्या हीस इंदुआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुझ्या बापाला चाकणच्या कंपनीत पुन्हा सेकंड शिफ्ट लागली, त्यामुळे माझा सख्खा भाऊ मला फक्त जिन्यात भेटतो. तुमच्या वसतिगृहात फोन चालत नाही हे फार बरं, निदान तुझं अक्षर तरी दिसतं. पण पत्राला कोरा कागद फाडू नकोस, वहीची मागची पानं कशाला असतात?

आता वाईट बातमी. तुम्ही पोरांनी जिन्याखाली मांडलेलं पुस्तकांचं कपाट आपल्या सोसायटीच्या चेअरमनना, यशवंतरावांना, खुपू लागलंय. त्यांचं म्हणणं, प्रत्येक पुस्तकाला ‘मला आवडलं, तुम्ही वाचा’ अशी चिठ्ठी चिकटवून पोरं मोकळी झाली, पण वाचतंय कोण? त्यांना तिथं ऑनलाइनची पार्सलं ठेवायची आहेत. पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनापर्यंत एका तरी मोठ्या माणसानं पुस्तक नेलेलं दाखवा, नाहीतर सगळं रद्दीत. खालची पोरं माझ्यापाशी येऊन रडली. मी सांगितलं, बाळांनो, मी मॅट्रिक झालेली बाई, पोथीशिवाय दुसरं काही वाचत नाही. गोष्टींसाठी दिवा जाळणं मला परवडत नाही.

तब्येतीला जप. माया आहे ती कमी होऊ देऊ नकोस.
तुझी, इंदुआत्या

॥ श्री ॥
वसतिगृह, ता. २६ जुलै

ती. इंदुआत्यास दिव्याचा शि. सा. नमस्कार.

कपाटाचं वाचलं आणि घास उतरेना. (खोटं कशाला बोलू, दोन भाकरी खाल्ल्या, पण रडत खाल्ल्या.) माझ्या वाढदिवसाची सगळी पुस्तकं त्यात आहेत गं! ती रद्दीत गेली तर मी दिवाळीला घरी येणारच नाही.

असो. श्रावण लागला म्हणून तुझ्यासाठी एक पोथी मिळवली आहे. बाबा उद्या भेटायला येतील, त्यांच्याबरोबर लाल फडक्यात बांधून पाठवते. नियम कडक आहेत. आंघोळ करून, संकल्प करून मगच फडकं सोडायचं. पारायण तीन दिवसांचं. मोठ्यानं वाचायचं आणि अर्ध्यात उठायचं नाही. फलश्रुती अशी: जो ही मनोभावे वाचेल त्याचा आळस जाईल, त्याच्या घरी दूध उतू जाईल आणि जिन्याखालचं संकट टळेल.

रागावलीस तरी प्रेम कर.
तुझी लाडकी, दिव्या

॥ श्री ॥
मोशी, ता. ७ ऑगस्ट

चि. दिव्या हीस. आशीर्वाद मागून, आधी कान इकडे कर.

सोमवारी डोक्यावरून न्हाले, हातावरून पाणी सोडलं, तुपाचं निरांजन लावलं आणि चौरंगावर फडकं सोडलं. शेजारच्या शालनबाई आणि जयमाला हात जोडून श्रवणाला बसल्या होत्या. आणि पहिल्याच ओळीत काय, तर बंद कारखान्याच्या टाकीत मुनीमजींचा चष्मा तरंगतोय आणि मुनीमजी गायब! आत तुझी चिठ्ठी, ‘मला आवडलं, तू वाच.’ पुस्तक मिटायला हात उचलला होता, पण संकल्प करून बसलेली बाई उठेल कशी? हे तुला पक्कं ठाऊक होतं, लबाडे! तीन दिवस साजूक तूप जळलं, ते तुझ्या नावावर मांडून ठेवलंय.

शालनबाईंना आधी वाटलं, कलियुगाचं वर्णन चाललंय. मग म्हणू लागल्या, त्या मेल्या मॅनेजरवर लक्ष ठेवा. दुसऱ्या दिवशी समोरची दीपमालाही पोळ्या अर्ध्या टाकून ऐकायला आली. दूध खरंच उतू गेलं, तेही माझंच. तिसऱ्या दिवशी यशवंतराव प्रसादाला आले आणि डोक्याला रुमाल बांधून मागं टेकले. मुनीमजींना कुठल्या चोरानं कोंडलं ते शेवटच्या प्रकरणात कळणार, तोच त्यांना जमिनीच्या व्यवहाराचा फोन आला. उठावंच लागलं. चेहरा बघायला हवा होतास!

संध्याकाळी दारात हजर. चोर कोण ते तेवढं सांगा म्हणे. मी म्हटलं, मधून उठणाऱ्याला फळ सांगत नाहीत. मग मी विचारलं, आम्ही वाचलं, आता कपाट राहील ना? तर म्हणतात न्हाई, ते पारायण झालं, कपाटातनं पुस्तक कुणी न्हाई नेलं. मी बरं म्हटलं आणि ते पुस्तक चिठ्ठीसकट कपाटात ठेवून आले. शालनबाई ते न्यायला निघाल्या होत्या, मी हात धरून बसवलं. नेलं तर यशवंतरावांनीच न्यावं, म्हणजे पुढं त्यांना तोंड उरणार नाही. त्यांना शेवट सांगायचा नाही, अशी सगळ्या बायकांना देवासमोर शपथ घातली आहे.

राग गेलेला नाही, लोभ मात्र आहे.
तुझी, इंदुआत्या

॥ श्री ॥
मोशी, ता. १६ ऑगस्ट

चि. दिव्या हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

यशवंतरावांनी आठवडा कळ काढली. बायकांना गाठून चोराचं नाव विचारलं, शालनबाईंच्या नातवाला चॉकलेट देऊन पाहिलं. झेंडावंदनाच्या आदल्या दुपारी आमचा वॉचमन भिवा धावत वर आला, की चेअरमनसाहेब सदऱ्याच्या आत काहीतरी चौकोनी घालून लिफ्टमध्ये शिरले.

काल झेंडा वर गेला, जनगणमन झालं, आणि मी सगळ्यांदेखत नम्रपणे विचारलं, की एका तरी मोठ्या माणसानं पुस्तक नेलं का हो? यशवंतरावांनी झेंड्याकडेच बघत जाहीर केलं, की पार्सलांची मांडणी गेटवर भिवाच्या खोलीत होईल. नंतर कपाटाशी गेले आणि पोरांना हळूच विचारलं, पुढचं कुठलं वाचू. तुझ्या चिठ्ठीखाली त्यांच्या हातचं लिहिलेलं आहे: ‘मला बी आवडलं. मुनीमजीनं लई सोसलं.’

आता तुझं. शेजारचा रविराज तिकडे येतोय, त्याच्याबरोबर एक पुस्तक पाठवते. कव्हरवर पोरांनी सुरा आणि रक्त काढलंय. फार भयंकर आहे. राक्षस आहेत, शाप आहेत, पळवापळवी आहे, सगळं आहे. फक्त न्हाऊन बसायचं आणि अर्ध्यात उठायचं नाही. आत माझी चिठ्ठी आहे: ‘मला आवडलं, तू वाच.’ शेवट मी सांगणार नाही. दिवाळीत आलीस की तूच मला म्हणून दाखवायचा, ओव्यांसकट.

खोड्या कर, पण माया पातळ करू नकोस.
तुझी, इंदुआत्या