प्रसादाला साखर म्हणत नाहीत

३ फेब्रुवारी, मंगळवार. पूजा आटोपून.

आजपासून रोजनिशी. डायरी गेल्या सालची आहे, मुलाच्या ऑफिसातून कोरीच आली होती. वार खोडून वापरली की झाले.

काल ट्रेनिंग संपले. आता मी आरोग्य स्वयंसेविका. बॅज, पिवळे जॅकेट आणि खांद्याला अडकवायची पिशवी मिळाली. मॅट्रिक झालेल्या बाईला परदेशात कोण विचारतो, असे हे गेली चार वर्षे म्हणत आलेत. आता बघा म्हणावे. जॅकेट बघून हे म्हणाले, बरे झाले, रस्ता ओलांडताना लांबून दिसशील. जळतात.

काम असे. आमच्या इमारतीत आपल्या भाषेतली म्हातारी माणसे पुष्कळ. मुलांनी इकडे आणून ठेवलेली. इथली भाषा येत नाही म्हणून डॉक्टरकडे जात नाहीत. त्यांच्या घरी जायचे, साखरेच्या आजाराचे पत्रक वाचून दाखवायचे आणि २८ तारखेच्या शिबिरात तपासणीला आणायचे. त्याआधी दवाखान्यात गेले तरी चालते. ज्याची तपासणी झाली त्याच्याकडे जाणे बंद. जो राहिला त्याच्याकडे जात राहायचे. दवाखान्यातल्या नर्सबाई आपल्याकडच्याच आहेत. म्हणाल्या, ज्या इमारतीत तपासणीवाचून एकही माणूस राहणार नाही, तिथली बाई प्रमुख होईल. प्रमुखाच्या बॅजची फीत लाल असते.

संकल्प: कोणाच्या घरी जास्त बोलायचे नाही. दिवसाला एकच चहा. आणि रिकाम्या हाताने कोणाचा उंबरा ओलांडायचा नाही. देवापुढच्या वड्या न्यायच्या, माणशी दोन. एक देऊ नये.

५ फेब्रुवारी, गुरुवार. उपवास.

पहिली भेट. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई. जन्मभर गणित शिकवले, त्यामुळे स्वभाव तसाच. पत्रक वाचले. सारखी तहान, सारखे बाथरूमला जाणे, थकवा, अंधुक दिसणे, पायाला मुंग्या. सगळे पाठच आहे माझे. मग वड्या पुढे केल्या. बाई म्हणाल्या, आत्ताच तर गोड खाऊ नका म्हणालात. मी समजावले की प्रसादाला साखर म्हणत नाहीत. त्या म्हणाल्या, मग काय म्हणतात? वाद घालायची खोड, दुसरे काय.

घेतल्या नाहीत. प्रसाद परत देवापुढे ठेवता येत नाही आणि टाकता तर मुळीच येत नाही. जिन्यात उभे राहून मीच घेतल्या. उपवासाला चालतात.

चहा एकच. त्यांच्याकडचा धरलेला नाही, तो कामाचा.

८ फेब्रुवारी, रविवार.

इथली हवा फार कोरडी. हीटर लावून माणसाचा पापड करून ठेवतात. सारखी तहान लागते. पाण्याची मोठी बाटली पिशवीत ठेवायला लागले. त्यामुळे भेटीला गेले की आधी त्यांचे बाथरूम विचारावे लागते. एवढे पाणी प्यायल्यावर होणारच.

चष्मेवाल्याने नंबर चुकवला आहे. पोथीतली ओळ ओळीवर चढते. मुलाला सांगितले, दुकानदाराला धारेवर धर.

दुसऱ्या मजल्यावरच्या नवराबायकोंनी वड्या घेतल्या नाहीत. माणशी दोन म्हणजे चार. एकटीवर आल्या.

११ फेब्रुवारी, बुधवार. दुपार.

आज महत्त्वाची केस सापडली. पाचव्या मजल्यावरचे घड्याळकाका. पूर्वी घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. आता एकटेच असतात, डोळ्याला भिंग लावून काहीतरी उघडून बसलेले. माणूस काटक दिसतो, पण मी फसत नाही. मी असताना पेलाभर पाणी प्यायले, म्हणजे तहान. पत्रक वाचताना तीनदा जांभया दिल्या, म्हणजे थकवा. भिंतीवरच्या घड्याळाकडे पुन्हा पुन्हा बघत होते, म्हणजे एकदा बघून दिसत नसणार. बिचारे.

तपासणीला चला म्हटले तर म्हणाले, ताई, तुमची झाली का? मी म्हटले, मी स्वयंसेविका आहे, पेशंट नाही. ते म्हणाले, आधी तुमचे बोट, मग माझे. त्याशिवाय खुर्चीवरून हलणार नाही.

सुईला भितात. मोठी माणसे असे आडून बोलतात. मला सुईची भीती नाही, फक्त ती बघवत नाही.

वड्या खायला दात नाहीत म्हणाले. उतरताना चौथ्या मजल्यावर घेतल्या.

१४ फेब्रुवारी, शनिवार. हिशेब.

महिन्याची साखर पंधरवड्यात संपली. घरात कोणीतरी चोरून खाते आहे. सुनेवर संशय. चारचौघांत बिनसाखरेची कॉफी पिते, आणि अशीच माणसे आतल्या गाठीची असतात. नवा डबा भरला, पेन्सिलीने खूण केली. बोलले काही नाही. माझा स्वभाव बोलण्याचा नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार.

नर्सबाईंनी बोलावले. म्हणाल्या, सगळ्या स्वयंसेविकांची तपासणी झाली, तुमचीच राहिली, या बसा. मी सांगितले, मंगळवारी रक्त काढत नाहीत. त्या म्हणाल्या, मग गुरुवारी? गुरुवारी उपवास. शुक्रवार देवीचा, शनिवार नको, सोमवार महादेवाचा. बुधवारी काय आहे विचारत होत्या. कॅलेंडर बघून सांगते म्हटले.

शिवाय म्हणाल्या, तुम्ही घरोघरी गोड वाटता असे कानावर आले. मास्तरीणबाई! दुसरे कोण असणार. मी प्रसादाचे सगळे समजावले. शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, वाटणे बंद. मी शब्दाची पक्की. वाटणे आजपासून बंद. आता फक्त टेबलावर ठेवते आणि बघते.

बघून झाल्यावर उचलावे लागतेच.

२० फेब्रुवारी, शुक्रवार.

चमत्कार! मास्तरीणबाई आपल्या पायाने दवाखान्यात जाऊन तपासून आल्या. दुसऱ्या मजल्यावरची जोडीही. पाठोपाठ तळमजल्यावरच्या आजी, ज्यांच्याकडे मी अजून एकदाच गेले होते. जपाचे फळ. नर्सबाई म्हणाल्या, तुमच्या इमारतीसारखी धावपळ दुसरीकडे कुठे नाही. येणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो, तपासणी झाली की त्या बाई नक्की यायच्या थांबतात ना?

लोकांना नियमांची एवढी चौकशी असते हे मला नवीन होते. सुशिक्षित वस्ती.

आता राहिले घड्याळकाका. लाल फितीच्या आड एक म्हातारा.

२४ फेब्रुवारी, मंगळवार.

काकांसाठी जप वाढवला. बैठक लांबल्याने पायाला मुंग्या येतात, उठल्यावरही जात नाहीत. दुसऱ्याच्या भल्यासाठी सोसावे लागते.

दुपारी पोथी वाचता वाचता डोळा लागला. सूनबाईने उठवले. जवळ बसून म्हणाली, आई, पाय, डोळे, तहान, झोप, सगळे तुमच्या पत्रकातले आहे. उद्या मी सुट्टी टाकते, आपण जाऊन येऊ. मी म्हटले, पत्रक दुसऱ्यांसाठी असते. वाढणाऱ्याने पंगतीत बसायचे नसते. ती म्हणाली, वाढणारा उपाशी राहिला तर तेही बरे नाही, आणि इथे तर तसेही नाही. काय म्हणायचे होते कोणास ठाऊक. डोळ्यांत पाणी मात्र होते. कॉम्प्युटरवर फार बसते.

साखर खुणेच्या बरीच खाली. सून तर चार दिवस कामासाठी बाहेरगावी होती, कालच आली. मुलाला गोड आवडत नाही. म्हणजे हेच. वय झाले की माणूस चोरटा होतो. जपून राहायला हवे, यांना साखरेचा आजार झाला तर?

२७ फेब्रुवारी, शुक्रवार.

उद्या शिबिर. बेत पक्का. मी बोट पुढे करायचे. काका बघतील, त्यांना धीर येईल. ते खुर्चीत बसले की मला कोणीतरी हाक मारायची आणि मी तातडीने निघून जायचे. हाक मारायचे काम यांच्याकडे दिले. बरे म्हणाले. इतक्या पटकन कधी बरे म्हणत नाहीत.

२८ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळ.

काका कोट घालून आले. भिंगसुद्धा आणले होते, म्हणाले नीट बघायचे आहे. मी खुर्चीत बसले, बोट पुढे केले, मग मागे घेतले, मग यांच्याकडे बघितले. हे छताकडे बघत होते. मी खोकले. हाक नाही. पुन्हा खोकले. तोवर सूनबाईने मागून येऊन माझा हात धरला. घट्ट धरला. मी देवाचे नाव घेतले. ते अर्धे होते तोच टोचले.

नर्सबाईंनी मशीन बघितले. मग माझ्याकडे बघितले. दुसरे बोट मागून पुन्हा टोचले. आकडा सांगितला. हे म्हणाले, हा आपल्या जुन्या घराचा नंबर होता का? मग माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली.

मी सांगितले की सकाळी तीन वड्या झाल्यात, पण त्या देवाच्या, त्या वजा करा. नर्सबाई म्हणाल्या, ताई, मशीनला प्रसाद कळत नाही.

काकांची साखर उत्तम. तरुणाला लाजवेल अशी. भिंग लावून आकडा वाचला आणि म्हणाले, ताई, आता येऊ नका असे नाही. या, पण हात हलवत या.

इमारत पूर्ण झाली. लाल फीत मिळाली. टाळ्यासुद्धा वाजल्या.

घरी आल्यावर यांनी साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला. माझा हात पोचत नाही तिथे. स्वतःचा पोचतो, हे मी लक्षात ठेवले आहे.

२ मार्च, सोमवार.

उपाशीपोटी पुन्हा रक्त. डॉक्टरांनी डोळे बघितले, पाय बघितले, सुईने तळवे टोचून लागते का विचारले. एका ठिकाणी लागले नाही. मी लागले म्हटले. सून म्हणाली, नाही लागले, खरे सांगा. सांगितले.

नर्सबाई म्हणाल्या, वेळेत सापडले. आणखी वर्षभर अशाच हिंडला असतात तर डोळ्यांचे काही खरे नव्हते. चष्मेवाल्याची चूक नाही. मुलगा आधीच भांडून आला आहे.

गोळ्या सकाळ-संध्याकाळ. गोड बंद. देवाला दाखवायचे, खायचे नाही. आणि आठवड्याला एक गृहभेट: स्वयंसेविका घरी येऊन पत्रक वाचणार, पथ्य बघणार. मी विचारले, कोण येणार? कोणी ऐरीगैरी नको. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाल्या, तुमच्या इमारतीला स्वयंसेविका एकच आहे. लाल फीतवाली.

३ मार्च, मंगळवार. दुपार.

गृहभेट दिली. जॅकेट घातले, बॅज लावला, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून पत्रक मोठ्याने वाचले. रुग्ण घरीच होती. म्हणते, हे सगळे मला माहीत आहे. गोड बंद करा म्हटले तर म्हणते, केलेल्या वड्या संपू देत, मग बघू. कुठे ठेवल्यात विचारले तर सांगत नाही. देवाची शपथ घातली तेव्हा म्हणाली, उद्यापासून.

बाई हट्टी आहे. पुन्हा पुन्हा जावे लागणार. जिना चढावा लागत नाही, एवढेच बरे.